तेरा तिकिटं

मे २०१८मध्ये टेक्सासातल्या डॅलस शहरात नॅशनल रायफल असोसिएशनचं, म्हणजे एनआरएचं, वार्षिक अधिवेशन भरायचं होतं. मोठ्या अधिवेशनाला येणाऱ्यांसाठी विमान कंपन्या गटसवलत ठेवतात, तशी डेल्टा एअरलाइन्सने याही अधिवेशनासाठी ठेवली होती. २४ फेब्रुवारीला, एका शनिवारी, डेल्टाने ही सवलत बंद केली आणि आपलं नाव संकेतस्थळावरून काढा, असं एनआरएला कळवलं. तोवर या सवलतीत किती तिकिटं खपली होती? कंपनीनेच पुढे आकडा सांगितला: १३.

या १३ तिकिटांपायी आठवड्याभरात डेल्टाची चार-पाच कोटी डॉलरच्या घरातली वार्षिक करसवलत हुकली. एका राज्याचं विधिमंडळ ढवळून निघालं, गव्हर्नर आपल्याच पक्षाच्या लोकांवर वैतागले, आणि दुसऱ्या राज्यांचे पुढारी ‘या आमच्याकडे’ म्हणून डेल्टाला खुणावू लागले. अमेरिकेत बंदुकीवरून होणारी भांडणं आपल्याला नवी नाहीत. पण या भांडणात बंदूक कुणी हातातही घेतली नव्हती. भांडण चाललं होतं ते भाड्यातल्या सुटीवरून.

डेल्टाच्या निर्णयाआधी दहा दिवस, १४ फेब्रुवारीला, फ्लोरिडातल्या पार्कलंड गावच्या मार्जरी स्टोनमन डग्लस हायस्कूलमध्ये गोळीबार झाला होता. १४ मुलं आणि शाळेचे तीन कर्मचारी मारले गेले. मारणारा त्याच शाळेचा माजी विद्यार्थी, वय १९. एआर-१५ धाटणीची रायफल त्याने दुकानातून रीतसर, कायदेशीरपणे विकत घेतली होती. परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात, बिअर घ्यायलाही २१ लागतात. रायफलीला मात्र तेव्हा फ्लोरिडात १८ पुरत होती. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवान्यासाठी किती उंबरे झिजवावे लागतात आणि निवडणूक लागली की परवान्याची बंदूकही पोलीस ठाण्यात कशी जमा करावी लागते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हा हिशेब डोक्यात बसायला वेळ लागतो. अमेरिकेत नातवंडं असलेल्या मराठी आजी-आजोबांना मात्र ‘लॉकडाउन ड्रिल’ हा शब्द करोनाच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

पार्कलंडची मुलं गप्प बसली नाहीत. अंत्यसंस्कार चालू असतानाच ती कॅमेऱ्यांसमोर उभी राहिली आणि पुढाऱ्यांना थेट विचारू लागली, की एनआरएचे पैसे घेणार का? त्याच सुमारास समाजमाध्यमांवर लोकांनी दुसरी यादी काढली, एनआरएच्या सदस्यांना सवलती देणाऱ्या कंपन्यांची.

ही यादी वाचण्यासारखी होती. बाहेरून पाहणाऱ्याला एनआरए म्हणजे वॉशिंग्टनमधला दबावगट वाटतो. पण संघटना स्थापन झाली ती १८७१मध्ये न्यूयॉर्कमध्ये. यादवी युद्धात उत्तरेच्या सैनिकांचे नेम फार कच्चे होते, हे बघून दोन माजी लष्करी अधिकाऱ्यांनी नेमबाजी सुधारण्यासाठी ती काढली. शंभर वर्षं ती प्रामुख्याने नेमबाजांचं आणि शिकाऱ्यांचं मंडळ होती. १९७७च्या सिनसिनाटी अधिवेशनात कडव्या गटाने रातोरात जुन्या नेतृत्वाला बाजूला सारलं आणि राजकारण हे पहिलं काम झालं. पण मंडळपण काही गेलं नाही. तेव्हा पन्नासेक लाख सदस्य असल्याचा संघटनेचा दावा होता, आणि वर्षाची वर्गणी ४० डॉलर. त्या ४० डॉलरांत काय काय मिळायचं? भाड्याच्या मोटारीवर सूट, हॉटेलवर सूट, घरसामान हलवणाऱ्या ट्रकवर सूट, घराच्या चोरघंटेवर सूट, कॉम्प्युटरच्या सुरक्षेवर सूट, वाइन क्लब, आणि श्रवणयंत्रांवरही सूट. (जन्मभर कानाशी बार काढणाऱ्यांना ही शेवटची सवलत सगळ्यात उपयोगाची असावी.) ओमाहाची फर्स्ट नॅशनल बँक एनआरएच्या नावाचं व्हिसा कार्ड द्यायची. ते वापरायला लागलं की ४० डॉलरचा बोनस, म्हणजे वर्षाची वर्गणी वसूल.

२२ फेब्रुवारीला या बँकेने कराराचं नूतनीकरण करणार नसल्याचं जाहीर केलं. मग माळेतले मणी ओघळावेत तशी नावं गळत गेली: एंटरप्राइझ, हर्ट्झ, एव्हिस, मेटलाइफ, सिमँटेक, बेस्ट वेस्टर्न, अलाइड व्हॅन लाइन्स, चोरघंटावाली सिम्प्लिसेफ, आणि शनिवारी डेल्टा व युनायटेड. तीन दिवसांत दीड-दोन डझन कंपन्यांनी हात झटकले. एनआरएने हा राजकीय भेकडपणा असल्याचं म्हटलं आणि एका सवलतीवाचून आमचा एकही सदस्य विचलित होणार नाही, असं बजावलं.

यात शौर्य किती होतं? माझ्या मते फारच थोडं. यातल्या बहुतेकांचा एनआरएशी संबंध नाममात्र होता. तोडायला सोपा, तोटा जवळजवळ शून्य, आणि चार दिवस वर्तमानपत्रांत कौतुक. फेडेक्स तेवढी अडून बसली. आम्ही मालवाहतूकदार आहोत, ग्राहकाचं मत बघून दर ठरवत नाही, असं तिने सांगितलं. मग त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर तिने शंभरावर संस्थांच्या सवलती एकदम बंद केल्या, त्यात एनआरएही गेली. कारण दिलं की पुरेसा माल येत नव्हता. सुंठीवाचून खोकला गेला.

डेल्टाला मात्र कौतुकही नको होतं. कंपनीचं म्हणणं होतं की आम्हाला या वादात पडायचंच नाही, म्हणून आम्ही बाहेर पडतोय; राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीला, म्हणजे शस्त्र बाळगण्याच्या हक्काला, आमचा पाठिंबा कायम आहे. पुरावा म्हणून तिने आदल्या वर्षीची आठवण करून दिली. न्यूयॉर्कच्या एका नाट्यसंस्थेने ‘ज्युलिअस सीझर’मधला सीझर ट्रम्पसारखा रंगवला आणि रंगमंचावर त्याचा खून झाला, तेव्हा डेल्टाने त्या संस्थेचं प्रायोजकत्व काढून घेतलं होतं. म्हणजे तेव्हा उजव्यांची मर्जी राखली, आता डाव्यांची, झाली फिटंफाट. कागदावर हे तर्कशुद्ध होतं. पण भांडणाऱ्या दोन भावांपैकी एकाच्या पंगतीतून मध्येच उठून जाणाऱ्याला ‘मी तटस्थ आहे’ असं म्हणता येत नाही. बसलेला बसून राहिला असता तर कुणाचं लक्षही गेलं नसतं, हेही खरं. आणि त्या आठवड्यात बसून राहणंही शक्य नव्हतं.

सोमवारी, २६ तारखेला, डेल्टाचं मुख्यालय असलेल्या जॉर्जिया राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर केसी कॅगल यांनी ट्विट केलं. डेल्टा आपली भूमिका बदलून एनआरएशी पूर्ववत संबंध जोडत नाही, तोवर तिला फायदा देणारं कुठलंही करविधेयक मी मारून टाकीन. कंपन्यांनी परंपरावाद्यांवर हल्ले करायचे आणि आम्ही स्वस्थ बसायचं, हे होणार नाही. ही निव्वळ गर्जना नव्हती. लेफ्टनंट गव्हर्नर हा जॉर्जियाच्या सिनेटचा अध्यक्ष असतो. विधेयक कुठे अडवायचं हे त्याच्या हातात असतं.

आणि विधेयक नेमकं तेव्हाच सिनेटच्या दारात उभं होतं. मूळ विधेयक सामान्य करदात्यांच्या प्राप्तिकरात कपात करणारं. त्याच्या शेपटाला विमान इंधनावरचा ४ टक्के विक्रीकर माफ करण्याची तरतूद जोडलेली होती. अटलांटाचा हार्ट्सफील्ड-जॅक्सन हा जगातल्या सर्वाधिक गर्दीच्या विमानतळांपैकी एक, तिथला बहुतांश कारभार डेल्टाचा, त्यामुळे माफीतला सिंहाचा वाटाही तिचाच. मूळची लुइझियानाची, पिकांवर औषध फवारणाऱ्या विमानांपासून सुरू झालेली ही कंपनी १९४१मध्ये अटलांटाला आली. २०१८मध्ये राज्यातले तिचे कर्मचारी होते सुमारे ३३ हजार. ही करमाफी तिला २००५मध्ये, दिवाळखोरीच्या वर्षी, मिळाली होती, आणि २०१५मध्ये काढून घेतली गेली होती. ती परत मिळवायला कंपनी तीन वर्षं खटपट करत होती. प्रतिनिधिगृहाने मंजुरी दिलेलीही होती. हातातोंडाशी आलेला घास होता.

कॅगल यांना एवढा त्वेष का चढला, हे समजायला तारखा बघाव्यात. २२ मेला रिपब्लिकन पक्षाची गव्हर्नरपदासाठीची प्राथमिक निवडणूक होती आणि कॅगल आघाडीवरचे उमेदवार होते. प्राथमिक निवडणुकीत मतदानाला येतो तो पक्षाचा कट्टर मतदार. त्याच्यापुढे कोण अधिक कडवा, याची चढाओढ असते. कॅगल यांचे प्रतिस्पर्धी ब्रायन केम्प यांच्या एका जाहिरातीत तर ते स्वतः मांडीवर बंदूक घेऊन बसले होते, शेजारी त्यांच्या मुलीशी सूत जुळवू पाहणारा पोरगा, आणि नळीचा रोख त्याच्याकडे. अशा मैदानात करविधेयक हीच कॅगल यांची बंदूक होती.

गुरुवारी, १ मार्चला, इंधनाची तरतूद वगळून विधेयक मंजूर झालं: सिनेटमध्ये ४४ विरुद्ध १०, प्रतिनिधिगृहात १३५ विरुद्ध २४. गव्हर्नर नेथन डील स्वतः रिपब्लिकन, पण त्यांची कारकीर्द संपत आलेली, पुन्हा उभं राहायचं नव्हतं. त्यामुळे ते मोकळेपणी बोलले. हे भांडण राज्याला शोभत नाही, असं ते म्हणाले, आणि तरीही त्यांनी शुक्रवारी सही केली, कारण लोकांची करकपात अडकून पडली असती. त्याच दिवशी डेल्टाचे मुख्य अधिकारी एड बॅस्टियन यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहिलं: आमची मूल्यं विकाऊ नाहीत. वाक्य टाळीचं होतं. पण त्याच पत्रात, राजकीय वादाशी जोडलेल्या सगळ्याच गटांच्या सवलती आम्ही तपासणार आहोत, असंही होतं. म्हणजे मूल्य कुठलं, तर तळ्यातही नाही नि मळ्यातही नाही.

जॉर्जियातल्या काही मंडळींची मात्र पंचाईत झाली. एका बलाढ्य कंपनीला करमाफी कशाला, असं डावे आणि उजवे दोघंही वर्षानुवर्षं विचारत होते. त्यांना हवं ते झालं होतं, पण भलत्याच कारणाने. करमाफी वाईट असेल तर ती एनआरएशी मैत्री असतानाही वाईटच होती. आणि योग्य असेल, तर १३ तिकिटांमुळे अयोग्य कशी झाली? हा प्रश्न विधिमंडळात कुणी फार ताणला नाही.

पुढे कॅगल यांचं काय झालं, हे सांगितलं पाहिजे. मेमध्ये कुणालाच निम्मी मतं मिळाली नाहीत, म्हणून कॅगल विरुद्ध केम्प अशी निर्णायक फेरी ठरली. एनआरएने उतराई होत कॅगल यांना पाठिंबा दिला. मग एका पराभूत प्रतिस्पर्ध्याने चोरून केलेलं ध्वनिमुद्रण बाहेर आलं. त्यात कॅगल म्हणत होते, ही निवडणूक म्हणजे कुणाची बंदूक मोठी, कुणाचा ट्रक मोठा आणि कोण जास्त वेडा, याची शर्यत झालीय. निदान खरं तरी बोलले. ट्रम्प यांनी केम्पना पाठिंबा दिला आणि २४ जुलैला कॅगल सपाटून हरले. आठवडाही लोटला नाही तोच गव्हर्नर डील यांनी आपल्या अधिकारात विमान इंधनावरचा कर स्थगित केला. नोव्हेंबरच्या विशेष अधिवेशनात विधिमंडळाने त्यावर शिक्कामोर्तब केलं, तेव्हा सिनेटचे अध्यक्ष अजून कॅगलच होते. गव्हर्नरपद गेलं, करमाफी रोखण्याचं श्रेयही गेलं. तेलही गेलं, तूपही गेलं.

पण हत्यार सगळ्यांनी बघून ठेवलं. २०२१मध्ये जॉर्जियाच्या नव्या मतदान कायद्यावर डेल्टा आणि कोका-कोलाने टीका केली, तेव्हा प्रतिनिधिगृहाने पुन्हा तीच इंधनाची करमाफी रद्द करण्यासाठी मतदान केलं. सिनेटने ते अधिवेशन संपेपर्यंत हाती घेतलं नाही, म्हणून डेल्टा वाचली. काही आमदारांनी आपल्या कार्यालयातून कोका-कोलाच्या बाटल्या हलवा, असं पत्रही दिलं. अटलांटात कोका-कोला नको म्हणणं म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्यांना विचारावं.

ज्याने खरंच खिशाला चाट लावून घेतली, असा माणूस या सगळ्यात मला एकच ठळक दिसतो: डिक्स स्पोर्टिंग गुड्सचे एड स्टॅक. त्यांच्या वडिलांनी १९४८मध्ये आजीने बिस्किटांच्या डब्यात साठवलेले ३०० डॉलर घेऊन न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला मासेमारीच्या गळ-आमिषाचं दुकान टाकलं. त्या दुकानाची सातशेवर दुकानं झाली, आणि त्यांत शिकारीच्या बंदुका अर्थातच होत्या. स्टॅक स्वतः बंदूक बाळगणारे, रिपब्लिकनांना देणग्या देणारे. पार्कलंडनंतर कंपनीने नोंदी तपासल्या, तेव्हा मारेकऱ्याने आदल्या नोव्हेंबरात त्यांच्याकडूनही एक शॉटगन घेतल्याचं निघालं. गोळीबारात ती वापरली नव्हती. विक्रीत एकही नियम मोडला नव्हता. स्टॅकना नेमकं तेच खुपलं, की सगळं नियमानुसार करूनही हे झालं.

२८ फेब्रुवारीला त्यांनी लष्करी धाटणीच्या रायफली विकणं कायमचं बंद केलं आणि २१ वर्षांखालच्यांना कुठलीच बंदूक नाही, असं जाहीर केलं. (२०१२मध्ये सँडी हूकच्या शाळेत २६ जण मारले गेले, तेव्हाही डिक्सने अशा रायफली मांडणीवरून काढल्या होत्या; पण त्याच कंपनीच्या ‘फील्ड अँड स्ट्रीम’ दुकानांत त्या पुन्हा आल्या. त्यामुळे या वेळी संशय घेणाऱ्यांना दोष देता येत नाही.) उरलेल्या रायफली उत्पादकांकडे परत पाठवता आल्या असत्या. स्टॅकनी सुमारे ५० लाख डॉलरचा तो माल भंगारात काढला, तुकडे करून. पुढे त्यांनीच सांगितल्याप्रमाणे या निर्णयाने विक्रीत सुमारे २५ कोटी डॉलरची घट झाली आणि ६२ कर्मचारी नोकरी सोडून गेले. बंदूक उद्योगाच्या संघटनेने डिक्सला सदस्यत्वावरून काढलं, मॉसबर्गसारख्या उत्पादकांनी व्यवहार थांबवला. त्याच दिवशी वॉलमार्टनेही वयाची अट २१ केली. पण एआर-१५ विकणं तिने २०१५मध्येच बंद केलं होतं.

बंदूकप्रेमी ग्राहक रुसला की काय होतं, याचा धडा त्या धंद्याला आधीच मिळालेला होता. मार्च २००० मध्ये स्मिथ अँड वेसन या जुन्या कंपनीने क्लिंटन सरकारशी करार केला: बंदुकांना सुरक्षा कुलुपं, विक्रेत्यांवर बंधनं, आणि बदल्यात खटल्यांतून सुटका. गिऱ्हाइकांनी कंपनीवर असा बहिष्कार टाकला की १९८७मध्ये ११.२ कोटी डॉलरना घेतलेली कंपनी ब्रिटिश मालकांनी २००१मध्ये रोख दीड कोटीला विकून टाकली. कर्जाचा बोजा वेगळा. नव्या मालकांनी तो करार गुंडाळून ठेवला. पार्कलंडमध्ये वापरली गेलेली रायफल स्मिथ अँड वेसनचीच होती.

मग बँका उतरल्या. मार्च २०१८मध्ये सिटीग्रुपने बंदूक विकणाऱ्या ग्राहक-कंपन्यांना अटी घातल्या: पार्श्वभूमीची तपासणी पूर्ण झाल्याशिवाय विक्री नाही, २१ वर्षांखालच्यांना बंधन. बँक ऑफ अमेरिकाने लष्करी धाटणीच्या बंदुका सामान्यांसाठी बनवणाऱ्यांना कर्ज न देण्याचं ठरवलं. ऑगस्टमध्ये लुइझियानाच्या रोखे आयोगाने ७ विरुद्ध ६ मतांनी या दोन्ही बँकांना ६० कोटी डॉलरच्या रस्तेबांधणी कर्जातून वगळलं. टेक्सासने २०२१मध्ये कायदाच केला: बंदूक उद्योगाशी भेदभाव करत नाही, असं लिहून दिल्याशिवाय कंपन्यांना एक लाख डॉलरच्या वरचं सरकारी कंत्राट नाही.

नाक दाबलं की तोंड उघडतं, हा हिशेब. पण नाक कुणाचं दाबलं गेलं? हा कायदा आणि तेल उद्योगासाठीचा त्याच्या जोडीचा कायदा लागू झाल्यावर पाच मोठ्या वित्तसंस्था टेक्सासच्या स्थानिक कर्जरोख्यांच्या बाजारातून बाहेर पडल्या. बोली लावणारे कमी झाले की व्याज वाढतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हॉर्टन स्कूलमधल्या आणि फेडरल रिझर्व्हमधल्या दोन अभ्यासकांनी गणित मांडलं: पहिल्या आठ महिन्यांत घेतलेल्या सुमारे ३,२०० कोटी डॉलरच्या कर्जावर टेक्सासच्या शहरांना, शाळा मंडळांना मिळून ३०.३ ते ५३.२ कोटी डॉलर जास्तीचं व्याज भरावं लागणार. ते भरणार कोण, तर तिथला घरपट्टी भरणारा माणूस, मग त्याच्या कपाटात बंदूक असो वा नसो.

हे सगळं वाचून ‘रिपब्लिकन असेच’ म्हणणाऱ्यांनी न्यूयॉर्ककडेही बघावं. तिथल्या वित्तसेवा विभागाच्या प्रमुख मारिया वुलो यांनी एप्रिल २०१८मध्ये बँकांना आणि विमा कंपन्यांना पत्रं लिहिली: एनआरएशी संबंध ठेवल्याने तुमच्या प्रतिष्ठेला धोका आहे, विचार करा. ज्याच्या हातात आपला परवाना, त्याने ‘विचार करा’ म्हटल्यावर किती विचार करायचा असतो? कारणही होतं. एनआरएची ‘कॅरी गार्ड’ ही विमा योजना, स्वसंरक्षणात गोळी झाडली तर कोर्टकचेरीचा खर्च देणारी, न्यूयॉर्कच्या कायद्यात बसत नव्हती. त्यासाठी लॉकटन या विमा दलाल कंपनीला ७० लाख आणि चब या विमा कंपनीला १३ लाख डॉलर दंड झाला. तेवढ्यावर थांबलं असतं तर प्रश्न नव्हता. एनआरए न्यायालयात गेली. सर्वोच्च न्यायालयात तिची बाजू मांडली ती एसीएलयूने, म्हणजे बंदुकीच्या प्रश्नावर एनआरएशी अजिबात न पटणाऱ्या नागरी हक्क संघटनेने. ३० मे २०२४ रोजी निकाल लागला ९ विरुद्ध ०, आणि तो लिहिला उदारमतवादी न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी: न आवडणारं मत दडपण्यासाठी सरकारी अधिकाऱ्याला तिसऱ्यावर दबाव आणता येणार नाही. कॅगल यांनी ट्विटमध्ये उघड म्हटलं ते वुलो यांच्या पत्रात सभ्य भाषेत होतं. मला तरी दोन्ही सारखंच आक्षेपार्ह वाटतं. उघड धमकीचा एक फायदा एवढाच, की ती मतदाराला दिसते.

बहिष्काराने एनआरए संपली का? उलट, पार्कलंडच्या वर्षी तिची वर्गणी १२.८ कोटींवरून १७ कोटी डॉलरवर गेली. डॅलसच्या अधिवेशनाला संघटनेच्या सांगण्यानुसार ८७ हजारांवर माणसं आली आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प भाषणाला आले. संघटना खिळखिळी झाली ती घरच्याच कारभाराने. १९९१पासून सूत्रं सांभाळणाऱ्या वेन लापिएर यांची खासगी विमानं, महागडे सूट न्यूयॉर्कच्या खटल्यात बाहेर निघाले. फेब्रुवारी २०२४मध्ये ज्यूरीने त्यांना संघटनेला ४३ लाखांहून अधिक डॉलर भरून द्यायला सांगितलं. वर्गणीदार परके झाले ते त्यामुळे.

आणि कंपन्या? जून २०२५मध्ये सिटीग्रुपने आपलं बंदूकविषयक धोरण रद्द केल्याचं जाहीर केलं. बँकेने ठरवलेलं बँकेनेच मोडलं. वारा फिरला की शिडं फिरवायची, हा धंद्याचा स्वभाव आहे. त्यावर समाजसुधारणेची भिस्त ठेवणाऱ्यांचंच चुकतं.

टिकलं ते वेगळंच. ९ मार्च २०१८ रोजी फ्लोरिडाचे रिपब्लिकन गव्हर्नर रिक स्कॉट यांनी रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्यावर सही केली आणि रायफल विकत घ्यायचं किमान वय १८वरून २१ झालं. एनआरएने त्याच दिवशी खटला भरला. मार्च २०२५मध्ये अकराव्या संघीय अपील न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. वय पुन्हा १८ करण्याची विधेयकं फ्लोरिडाच्या प्रतिनिधिगृहाने २०२३, २०२४ आणि २०२५मध्ये मंजूर केली. तिन्ही वेळा सिनेटने ती बाजूला ठेवली.